कोळंबी मासा नव्हे

काचेच्या टाकीत लाल चेरी कोळंब्या सोडायच्या, आठवडाभर त्यांचं कौतुक करायचं आणि मग रोज सकाळी एखादी मेलेली उचलून टाकायची, हे ॲक्वेरियमच्या छंदात इतकं सर्रास घडतं की ‘श्रिम्प फार नाजूक असतात’ हे सगळ्यांनी मान्यच करून टाकलं आहे. मला ते पटत नाही. चेरी कोळंबी, म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी, ही मूळची चीन-तैवानकडच्या ओढ्या-तळ्यांतली. तिच्या मुलखात पाणी हिवाळ्यात गारठतं आणि उन्हाळ्यात तापतं, आणि ती दोन्ही सोसते. माणसाच्या हातून सुटल्यावर ती हवाई बेटांवरच्या ओढ्यांत स्थिरावली. जर्मनीत वीजकेंद्राचं कोमट पाणी वाहून नेणाऱ्या गिलबाख नावाच्या ओढ्यातही तिनं कुणाच्या मदतीविना बस्तान बसवलं. अशा प्राण्याला नाजूक कसं म्हणायचं? आपल्या टाकीत ती मरते, कारण आपण तिला छोटा मासा समजून पाळतो. माशाला चालणाऱ्या, किंबहुना माशाच्या भल्यासाठी केलेल्या कित्येक गोष्टी तिच्या जिवावर उठतात. एकेका कोळंबीचं आयुष्य दीड-दोन वर्षांचंच असतं, पण तिच्या पिढ्या पुण्यात स्वारगेटच्या आसपासच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही वर्षानुवर्षं नांदू शकतात. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत, ती कोण आहे हे ओळखावं लागतं.

मासा आपल्याच गोतातला आहे. त्याला पाठीचा कणा आहे, त्याचं रक्त लोहामुळे लाल आहे, आणि हाडं आतून वाढत असल्यामुळे अंगही सावकाश मोठं होत जातं. कोळंबीला कणा नाही. तिचा सांगाडा अंगाबाहेर, कवचाच्या रूपात असतो आणि पाय सांध्यासांध्यांचे असतात. गेल्या दोन-तीन दशकांतल्या जनुकीय अभ्यासांनी तर असं दाखवून दिलं आहे की कीटक हे कवचधारी प्राण्यांच्याच एका शाखेतून निघाले. म्हणजे नात्यानं पाहिलं तर टाकीतली कोळंबी शेजारच्या टाकीतल्या गप्पी माशापेक्षा ओट्याखालच्या झुरळाला आणि पाण्यावर अंडी घालणाऱ्या डासाला कितीतरी जवळची आहे. पुण्यातल्या घरांत कोळंब्या का मरतात याची बहुतेक उत्तरं या एका नात्यात सापडतात.

पहिलं उत्तर डासांच्या औषधाचं. पावसाळ्यात डेंगीची साथ आली की पर्वतीपासून मुकुंदनगर-गुलटेकडीपर्यंतच्या गल्ल्यांत धूर फवारणी होते, आणि घराघरांत लिक्विडचं मशीन रात्रभर सॉकेटमध्ये लावलेलं असतं. या मशीनमधली आणि झुरळांवर मारायच्या स्प्रेमधली द्रव्यं पायरेथ्रॉइड वर्गातली असतात. कीटकाच्या मज्जातंतूंमधून जाणारा संदेश थांबूच द्यायचा नाही, अशी त्यांची काम करण्याची रीत. माणसाच्या शरीरात ती लवकर मोडून निकामी होतात. कोळंबीचे मज्जातंतू मात्र डासाच्याच घडणीचे, त्यामुळे विष तिला डासासारखंच लागतं. गोड्या पाण्यातल्या कित्येक कवचधारी प्राण्यांना लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम, कधी त्याहूनही कमी मात्रा पुरते. ‘मशीन तर पलंगाशी आहे, टाकी हॉलमध्ये’ असं कुणी म्हणेल. पण टाकीला बुडबुडे पुरवणारा एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो आणि ती चोवीस तास पाण्यात सोडत राहतो. खोलीतला धूर, स्प्रे, अगरबत्ती जे काही असेल ते त्या बारीक नळीतून थेट पाण्यात जातं. ज्या घरात कोळंबी आहे तिथे डासांसाठी जाळी आणि मच्छरदाणी हाच उपाय. गल्लीत फवारणीची गाडी येण्याची वर्दी मिळाली, तर खिडक्या लावून घ्यायच्या, टाकीवर ओला पंचा टाकायचा आणि पंप तासभर बंद ठेवायचा. कोळंब्यांची गर्दी नसेल तर तेवढ्यात काही बिघडत नाही. भाजीचंही तसंच आहे. मंडईतून आणलेली पालकाची जुडी आपण धुऊन, शिजवून खातो आणि आपल्याला काही होत नाही. त्याच पानावर उरलेलं कीटकनाशक टाकीत उतरलं तर दुसऱ्या दिवशी कोळंब्या उताण्या पडून पाय झाडताना दिसतात. घरी कुंडीत वाढवलेलं, काहीही न फवारलेलं पान असेल तरच ते टाकीत टाकावं.

दुसरं उत्तर तांब्याचं, आणि मराठी घराला ते जरा धक्का देणारं आहे. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण आरोग्यदायी मानतो, आणि तांब्यामुळे पाण्यातले जंतू मरतात हे खरंही आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२च्या मानकात पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. माणसाला त्यातली वरची मर्यादाही सोसते. कोळंबीची पिल्लं त्याच्या कितीतरी आधीच दगावतात. यावर एक वाजवी शंका निघते. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन हे द्रव्य तांब्याचंच असतं, म्हणून तर तिचं रक्त निळसर. ज्या धातूवर ती जगते त्यानंच ती मरेल कशी? फरक मात्रेचा आणि वाटेचा आहे. अन्नातून मिळणारं किंचित तांबं तिचं शरीर हिशेबानं वापरतं. पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांतून आत घुसतं आणि तिथलं क्षारांचं संतुलन मोडतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की दुकानात मिळणाऱ्या काही औषधांत तांब्याचे क्षार असतात. ते औषध माशांना वाचवतं आणि त्याच टाकीतल्या कोळंब्या मारतं. ज्या टाकीत पूर्वी असं औषध वापरलं असेल तिच्यातली वाळू आणि सिलिकॉनचे सांधे तांबं धरून ठेवतात, म्हणून जुनी टाकी स्वस्तात मिळाली तरी तिचा इतिहास विचारावा. पाणी साठवायला प्लास्टिकची बादली किंवा स्टीलचं पिंप घ्यावं, तांब्याचं भांडं या कामाला लावू नये.

आता कात टाकण्याचं. इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक मृत्यू या घडीला होतात. बाहेरचं कवच वाढत नाही, त्यामुळे आतला जीव मोठा झाला की जुनं कवच टाकावंच लागतं. पूर्ण वाढलेली कोळंबी साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकते, पिल्लं त्याहून वरचेवर. जवळून पाहिलं तर आधी एक-दोन दिवस ती खाणं कमी करते आणि मॉसच्या आडोशाला जाते. मग मानेमागे, जिथे डोक्याचं कवच पाठीच्या पहिल्या कड्याला मिळतं, तिथे एक भेग पडते. त्या भेगेतून ती एका झटक्यात मागच्या मागे बाहेर येते. मिशा, डोळ्यांवरचं आवरण, पायांच्या नखांपर्यंतचं सगळं तिथेच राहतं, इतकं हुबेहूब की नवखा माणूस ती मेलेली कोळंबी समजून काढून टाकतो. काढू नये. ती स्वतः आणि तिच्या सोबतिणी ते कवच कुरतडून खातात आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवतात. बाहेर आलेली कोळंबी मऊ असते. भोवतालचं पाणी शोषून ती फुगते आणि पाण्यातलं कॅल्शियम घेऊन नवं कवच घट्ट करते. याचा अर्थ असा की पाण्यात क्षार फार कमी असतील तर नवं कवच नीट बनतच नाही, आणि पाणी एकदम बदललं तर कात अवेळी सुरू होते. मग भेग मानेमागे न थांबता अंगाभोवती पांढरी कडी होऊन फिरते आणि कोळंबी अर्ध्या कवचात अडकून मरते. मासा पाळणाऱ्याला ‘आठवड्याला निम्मं पाणी बदला’ हा सल्ला ओळखीचा असतो. कोळंबीच्या टाकीत तोच सल्ला मृत्यूचं सगळ्यात सोपं कारण ठरतो.

म्हणून स्वारगेटच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं हे पाहायला हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीतलं पाणी पर्वती जलकेंद्रात शुद्ध होऊन पेठांना आणि स्वारगेटच्या परिसराला मिळतं. सह्याद्रीच्या बेसाल्टवर पडलेला पाऊस थोड्याच प्रवासात धरणात जमा होतो, खडकातले क्षार विरघळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. त्यामुळे हे पाणी मृदू असतं आणि साबणाला भरपूर फेस येतो. त्याच परिसरातल्या बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेलं, म्हणून जड. चेरी कोळंबीला दोन्हींच्या मधलं पाणी मानवतं, लिटरला साधारण शंभर ते दीडशे मिलिग्रॅम जडपणाचं. म्हणजे महापालिकेचं पाणी हा उत्तम पाया आहे, फक्त त्याला कॅल्शियमची थोडी जोड हवी. ती काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाच्या तुकड्यानं मिळते. तो पाण्यात हळूहळू विरघळतो. आरओच्या पाण्याबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ‘आम्ही पितो तेच शुद्ध पाणी टाकीत घालतो’ हे प्रेमानं सांगितलं जातं, पण आरओ क्षारच काढून घेतं आणि त्या पाण्यात कवच बनत नाही. आरओचा उपयोग वेगळ्या जागी आहे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. कमी झालेली पातळी रोज नळाच्या पाण्यानं भरली तर क्षार साठत जाऊन पाणी महिनोन्‌महिने जड होत राहतं. उडालेली भर आरओच्या पाण्यानं घालावी आणि बदलायचं पाणी नळाचं वापरावं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे बऱ्याच टाक्या वर्षभरानंतर अचानक बिघडतात.

खरी अडचण नळ आणि टाकी यांच्या मधल्या टप्प्यावर आहे. सोसायटीत पाणी आधी खालच्या हौदात पडतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि नळाचं कमी पडलं की त्यात बोअरचं किंवा टँकरचं मिसळतं. देखभालीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने, ही महापालिकेची सूचना पुणेकरांना पाठ आहे. त्या दोन दिवसांत गच्चीवरच्या टाकीत नेमकं कुठलं पाणी आहे हे वॉचमनशिवाय कुणाला ठाऊक नसतं. शुक्रवारचं पहिलं पाणी गढूळही येतं. म्हणून कोळंबीच्या टाकीचं पाणी सोमवारी-मंगळवारी भरून ठेवावं, एका बादलीत उघडं, दिवसभर. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतो. मानकाप्रमाणे नळापर्यंत पोहोचताना तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. माणसाला हवाच, पण कल्ल्यांना तो जाळतो. उघड्या बादलीत तो दिवसभरात उडून जातो, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब, म्हणजे दुकानातलं अँटी-क्लोरीन, काही मिनिटांत काम करतात. टीडीएस मीटर जवळ असावा, तो स्वस्त आहे. त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. तो पाण्यात एकूण क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही, आणि कीटकनाशक तर त्याला दिसतच नाही. पण बादलीतलं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा फार वेगळं आहे का, हा एक प्रश्न तो चोख सोडवतो, आणि आपल्याला रोज तेवढंच विचारायचं असतं. आठवड्याला दहा टक्के पाणी, तेही धारेनं नव्हे तर थेंबाथेंबानं. मेडिकलमध्ये मिळणारी सलाइनची नळी, तिची चाकाची चावी निम्मी फिरवून, या कामाला उत्तम. दुकानातून आणलेल्या कोळंब्या नव्या पाण्यात सोडतानाही हीच नळी दीड-दोन तास चालू ठेवावी. दुकानातली टाकी बोअरच्या पाण्याची आणि घरची खडकवासल्याची असेल, तर पिशवी थेट ओतणं म्हणजे त्यांना अवेळी कात टाकायला लावणं.

पुण्याच्या हवेबद्दल उलट तक्रार ऐकू येते, की एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तिथे थंड पाण्याची कोळंबी जगणार कशी? तापलेल्या पाण्याचा धोका खरा आहे. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि त्याच वेळी कोळंबीची प्राणवायूची गरज वाढलेली असते. २० ते २६ अंशांत ती सुखात असते, ३०च्या वर सतत राहिली तर अंडी गळतात आणि जीवही जातो. पण याच मोसमात पुण्याची हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडताना स्वतःची उष्णता घेऊन जातं. टाकीचं काचेचं झाकण काढून त्या जागी जाळी ठेवली आणि एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला, तर पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. तोच पंखा मुंबईच्या दमट हवेत फारसं काही करू शकत नाही. या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. हिवाळ्यात घराबाहेर दहा अंश झाले तरी घरातलं पाणी वीसच्या जवळपास राहतं, त्यामुळे हीटरही लागत नाही. टाकी गच्चीच्या थेट खाली असलेल्या वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नये, इतकी काळजी पुरे.

यापुढचा भाग धीराचा आहे, आणि तिथेच लोक हरतात. नवी टाकी स्वच्छ दिसते आणि म्हणूनच ती घातक असते. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन द्रव्यं विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी. सर्गेई विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास हे जिवाणू ओळखले, तेव्हा विषय शेतजमिनीचा होता, पण टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजमध्ये तेच घडतं. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि कोणत्याही बाटलीनं ती एका रात्रीत जमत नाही. त्या काळात टाकीत आणखी एक गोष्ट तयार होते: काचेवर, दगडांवर, मॉसच्या काड्यांवर चढणारा जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर. मासा पाळणारा तो घासून काढतो. कोळंबीचं तर तेच जेवण. भिंग घेऊन पाहिलं तर तिच्या पुढच्या दोन जोड्यांच्या चिमट्यांच्या टोकांना केसांचे झुबके दिसतात. एक चिमटा पानावर घासला जातो त्याच क्षणी दुसरा तोंडाशी पोहोचलेला असतो, मग तिसरा, मग चौथा, आणि हे दिवसभर न थांबता चालतं. ॲटिडी कुळातल्या सगळ्या कोळंब्यांची ही खूण आहे. त्यांचं पोट या घासण्यावर भरतं. वरून घातलेलं खाणं हे पूरक, आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपेल इतकंच. आपल्याकडे कुणाला उपाशी ठेवणं पाप वाटतं आणि म्हणून चिमूटभर जास्तच पडतं. ते कुजतं, अमोनिया वाढतो, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात, जास्त तापमानाला, तो अमोनिया आणखी विषारी होतो. रस्त्यावरच्या देशी बदामाचं गळून वाळलेलं पान हे सर्वांत चांगलं खाद्य. त्यावर तो थर भराभर चढतो आणि पान आठवडाभर पुरतं. फक्त ते जेधे चौकाच्या धुरातलं नसावं, एखाद्या आतल्या गल्लीतलं किंवा बागेतलं असावं, आणि उकळून घेतलेलं.

एवढं जमलं की बाकीचं कोळंबीच करते. मादीच्या पाठीत, मानेमागे, आधी पिवळसर-हिरवट अंडाशय दिसतं. पुढची कात टाकली की एक-दोन दिवसांत ती वीस-तीस अंडी पोटाखाली घेते आणि पोहण्याच्या पायांनी त्यांना सतत पाणी घालत राहते. तीन-चार आठवड्यांनी अंड्यांत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसू लागतात आणि मग दोन मिलिमीटरची, हुबेहूब आईसारखी पिल्लं बाहेर पडतात. यात विशेष असं की त्यांना डिंभाची अवस्थाच नाही. कोकणातल्या खाड्यांकडे जाणाऱ्या मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीची, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीची, पिल्लं मचूळ पाण्याशिवाय वाढत नाहीत. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केलेली अमानो कोळंबीही तशीच. ती घरच्या टाकीत अंडी देते पण पिल्लं जगत नाहीत, आणि दुकानातली बहुतेक अमानो कोळंबी निसर्गातून पकडलेली असते. चेरी कोळंबीला समुद्राची वाट लागत नाही, म्हणून घराघरांत वाढलेली तीच घ्यावी. दहा कोळंब्यांना दीड फुटी टाकी द्यावी. जीव बोटाच्या पेराएवढा असला तरी वाटी किंवा बरणी चालत नाही, कारण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बदलतं, तापतं आणि बिघडतं, आणि हा प्राणी बदलानंच मरतो.

तीन आक्षेप गंभीर आहेत. पहिला महापालिकेचाच म्हणता येईल: घरात साठलेलं पाणी म्हणजे डेंगीच्या डासाची पैदास, आणि त्याबद्दल नोटीस आणि दंडही होतो. हा आक्षेप पूर्ण रास्त आहे. कोळंबी डासाच्या अळ्यांची शिकार करत नाही, आणि डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो. म्हणून टाकीवर बारीक जाळी हवीच आणि स्पंज फिल्टरनं पृष्ठभाग हलता ठेवायलाच हवा. गप्पी सोडून अळ्यांचा प्रश्न सुटतो खरा, पण गप्पी कोळंबीची पिल्लंही खातात. दुसरा आक्षेप असा की परदेशी प्राणी कशाला, सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्याच कॅरिडिना कोळंब्या आहेत की. आहेत, दगडाखाली, काचेसारख्या पारदर्शक. पण त्या पकडून आणणं मला चुकीचं वाटतं. फ्रेझर या अभ्यासकानं १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी छापली तेव्हाच्या मुळा-मुठेत आणि आजच्या नदीत केवढं अंतर पडलं आहे ते पुलावर उभं राहिलं तरी कळतं. जे जीव वरच्या ओढ्यांत तगून आहेत त्यांना तिथेच राहू द्यावं. याच कारणासाठी घरची कोळंबी बाहेर सोडू नये. आंबिल ओढ्यात सोडलेलं मुठेत जातं, मुठेतून भीमेत आणि उजनीत. स्वारगेटवरून वाहणारा मुठा उजवा कालवा तर इंदापूरपर्यंत पोहोचतो. उजनीत चिलापी या परक्या माशानं काय केलं ते भिगवणच्या मच्छीमारांना विचारावं. पिल्लं जास्त झाली तर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: घराच्या शोभेसाठी जीव काचेत का कोंडायचा? मला तो सोपा वाटत नाही. ब्रिटननं २०२२ साली प्राणिकल्याणाच्या कायद्यात दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांनाही संवेदनशील जीव म्हणून जागा दिली, ती त्यांना वेदना होतात याचे पुरावे तपासल्यावर. आपला १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला प्राणी म्हणतो, कणा असो वा नसो. ज्या टाकीत चरायला थर आहे, लपायला मॉस आहे, शिकारी नाही आणि पिढ्या वाढत आहेत, तिथे कोळंबीचं जगणं ओढ्यातल्यापेक्षा हलाखीचं आहे असं म्हणता येणार नाही. पण दर महिन्याला दहा आणायच्या आणि दहा टाकायच्या, याला छंद म्हणू नये. मरतात म्हणून परत आणणं थांबवावं आणि कारण शोधावं. बहुतेक वेळा ते सॉकेटमधल्या मशीनपाशी, शुक्रवारच्या बादलीपाशी किंवा घाईनं लावलेल्या टाकीपाशी सापडतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दिवाळीनंतर करावी. तोवर पावसाळ्याचा गढूळपणा सरलेला असतो, फवारणी मंदावलेली असते आणि पाणी पंचविशीच्या आत असतं. टाकीत वाळू, मॉस, स्पंज फिल्टर आणि बदामाचं पान घालून सहा आठवडे ती रिकामीच चालू ठेवावी, मधूनमधून चिमूटभर खाद्य टाकून, म्हणजे जिवाणूंना काम मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याखेरीज एकही कोळंबी आणू नये. जानेवारीत दहा आणल्या तर मार्चअखेर पहिली पिल्लं दिसतात, आणि ऊन चढेपर्यंत टाकी पक्की झालेली असते.